गव्हाला नमस्कार

सूर्याजी खराड्यांबद्दल लिहायचं तर आधी मला माझी एक चूक कबूल करावी लागेल, आणि त्याची मला अजिबात हौस नाही. एजी ऑफिसात, सरकारी हिशेबतपासणीत, छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शाईने खुणा केल्या. त्या नोकरीत माणसाला स्वतःची चूक दिसेनाशी होते. माझी ही चूक मात्र मला रोज दिसते, कारण सूर्याजींचं घर माझ्या घराच्या अगदी समोर आहे.

आम्ही ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये राहायला आलो तेव्हापासूनचे ते शेजारी. इंदरगंज चौकाच्या आत एका बोळात त्यांचं दुकान. स्कूटर-मोटारसायकलींच्या सीटा शिवायचं काम. त्यांच्या खापरपणजोबांचे आजोबा साताऱ्याकडून फौजेबरोबर घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, असं घरात सांगत. सूर्याजी मोजकं बोलणारे, पण हा विषय निघाला की हमखास म्हणायचे, "खोगीरावरून सीटवर आलो, भालचंद्रजी. बैठक काही सुटली नाही आमची." दसऱ्याला त्यांच्याकडे जुन्या तलवारीशेजारी शिवणाचं मशीन मांडत आणि दोघांना सारखीच झेंडूची माळ घालत.

त्यांची एक सवय होती. सीट शिवून झाली की ती गाडीवर बसवायची, आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः तिच्यावर बसायचं. डोळे मिटून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, मिनिटभर. बाहेर गिऱ्हाईक चुळबुळत असे. मी एकदा विचारलं, "काय तपासता एवढं?" तर म्हणाले, "काही नाही. कुठे टोचतं का बघतो." त्यांच्या हातचं कधी कोणाला टोचलं नाही.

उषावहिनी त्यांच्या अगदी उलट. माहेर झाशीचं, अंगाने भरलेल्या, तोंडाचा पट्टा सकाळी दूधवाल्यापासून सुरू. डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे चालताना डावीकडे झुकत, आणि मग कुणीतरी हाक मारल्यासारख्या उजवीकडे सावरत. गच्चीवर गहू निवडायला बसल्या की साऱ्या गल्लीशी गप्पा. त्या गव्हाचा एखादा दाणा पायाखाली आला की बोलणं तिथल्या तिथे थांबायचं. वहिनी पदर सावरायच्या, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकायच्या, दाण्याला बोटं लावून ती कपाळाला लावायच्या, आणि तुटलेलं वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू करायच्या. मी खालून ओरडायचो, "वहिनी, गुडघा कायमचा बसेल एखाद्या दिवशी!" त्या वरून म्हणायच्या, "गुडघा माझा आहे, भाऊजी. गहू काय माझा आहे?"

तर या दोघांच्या आयुष्यात सिनेमा आला तो रेक्झिनच्या वाटेने.

एका डिसेंबरात मुंबईचा एक तरुण इंदरगंजच्या दुकानात येऊन उभा राहिला. शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत त्यांच्या सिनेमाचं शूटिंग होतं. नाव 'महाशून्य'. जग बुडाल्यानंतरची गोष्ट. हवा विषारी झालेली, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मुंबईहून येणारे मास्क वाटेत कुठे अडकले होते, आणि त्याला दहा दिवसांत दोनशे हवे होते. सूर्याजींनी नमुना हातात घेतला, उलटा केला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा गालाला कापेल. मी बदलून देतो." नऊ दिवसांत त्यांनी दोनशे मास्क दिले. इलॅस्टिक वहिनींनी घरी बसून जोडलं.

मग गर्दीसाठी माणसं कमी पडली. तो तरुण म्हणाला, म्हातारे-कोतारे, बायका, कुणीही चालेल. हे ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी जाते."

सूर्याजी हसलेच. "तू? तू तर रेल्वे स्टेशनला जायचं तरी दोन दिवस आधी घाबरतेस."

"तिथे कोण ओळखणार आहे मला? तोंड तर तुम्हीच झाकलंय न सगळ्यांचं."

सूर्याजींनी वहिनींसाठी वेगळा मास्क शिवला. आत वहिनींच्याच जुन्या सुती पातळाचं अस्तर लावलं आणि कडेला काळ्याऐवजी लाल दोऱ्याची शिलाई घातली. काळा दोरा संपला होता, असं ते सांगत. मी दुकानात काळ्या दोऱ्याची रिळं पाहिली होती.

तीन दिवस वहिनी पहाटे बसने जात आणि संध्याकाळी धुळीने माखून परत येत. तिसऱ्या दिवशी अंघोळ करायच्या आधीच आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. "भाऊजी, मला आज रागावले ते लोक!" आणि सांगायला लागल्या. सीन असा होता की धान्याचं कोठार फुटतं, गहू सगळीकडे सांडतो, आणि उपाशी माणसं एकमेकांना तुडवत धावतात. वहिनी धावल्या. पाय गव्हावर पडला. झालं. सगळी दुनिया धावतेय आणि ही बाई मध्येच थांबून, वाकून, गव्हाला नमस्कार करतेय.

"तो माइकवाला पोरगा ओरडला, 'अम्मा, दुनिया ख़तम हो चुकी है! अब किसको प्रणाम कर रही हो?' मी म्हटलं, 'बेटा, दुनिया ख़तम हुई है, गेहूँ तो है न!' सगळे हसले. मग परत घेतला. परत तेच झालं माझ्याकडून. चार वेळा! पाय पडला की हात जातोच खाली, मी काय करू?"

सूर्याजी आपल्या दारात उभे राहून ऐकत होते. इतके खूश मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं.

पुढच्या श्रावणात वहिनी गेल्या. डेंग्यू. सोमवारी ताप आला, शुक्रवारी सगळं संपलं. हेमांगी, त्यांची मुलगी, बडोद्याहून निघाली ती पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी सूर्याजी माझ्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "भालचंद्रजी, फोटो तर खूप आहेत. पण सगळ्यांत ती उभी आहे."

मला आधी कळेना. मग हळूहळू उलगडलं. हेमांगीच्या लग्नाची सीडी होती, तिच्यावर ओरखडे पडून ती कधीच बंद झाली होती. वहिनींच्या फोनमध्ये जे काही होतं ते दुसऱ्यांचं, कारण फोन नेहमी वहिनींच्याच हातात. सूर्याजींचा स्वतःचा फोन बटणांचा. उषावहिनी चालताहेत, वळताहेत, हात हलवताहेत असं कुठेही काही नव्हतं. "मला तिला चालताना बघायचंय," ते म्हणाले. "एकदा. तो डावीकडे जायचा झोक मला आठवतो, पण आता आठवताना तो कधी कधी उजवीकडे जातो. मला लागतं, मी विसरून जाईन."

आणि मग विचारलं, "तो सिनेमा कधी लागेल?"

हे मला विचारण्याला कारण होतं. सिनेमा म्हणजे मी, अशी गल्लीत माझी ख्याती आहे. शाळेत असल्यापासून रविवारचे सकाळचे इंग्रजी खेळ मी चुकवले नाहीत. माझ्या शेजारी बसून सिनेमा बघायला घरचे तयार नसतात, कारण पुढे काय होणार ते मी आधीच सांगतो. आणि ते तसंच होतं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

सिनेमा अडकला. कधी म्हणे कॉम्प्युटरचं काम बाकी, कधी म्हणे निर्माते भांडले. दोन वर्षं गेली. सूर्याजी दर महिन्याला विचारत, आणि मी नातीकडून, अश्लेषाकडून, इंटरनेटवर बघून सांगत असे. शेवटी एका शुक्रवारी तो लागला. मॉलमध्ये, दुपारी बाराचा खेळ.

सूर्याजी पांढरा शर्ट घालून आले होते, इस्त्रीचा. दाढी गुळगुळीत. आत जाऊन बसल्यावर त्यांनी खुर्चीवर तळवा दाबून पाहिला. "स्पंज चांगला आहे. शिलाई कच्ची." मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. हॉलमध्ये आम्ही धरून अकरा माणसं.

काय सांगू त्या सिनेमाबद्दल! चोरीला माझी हरकत नाही, पण चोरी करायची तर घराची नीट पाहणी तरी करावी. वाळवंटातून काटे लावलेल्या बसचा पाठलाग एका इंग्रजी सिनेमातला. लोखंडी जबड्याचा खलनायक दुसऱ्यातला. जिच्या रक्तात औषध आहे ती मुलगी तिसऱ्यातली. हिरोचा कुत्रासुद्धा उसना. पाणी संपलेल्या जगात हिरॉईन पावसात भिजून गाणं म्हणते, आणि दुसऱ्या सीनमध्ये पुन्हा सगळे थेंबासाठी मरताहेत. हिरो एकच चेहरा करून सव्वा तास हिंडत होता. मी प्रत्येक वेळी सूर्याजींच्या कानाशी लागून सांगत होतो, हे इथलं, ते तिथलं, आता जबडेवाला मागून येणार. तो मागून येत होता.

सूर्याजी मान हलवत होते, पण माझं ऐकत नव्हते. मास्क दिसला की पुढे झुकायचे. खाकी पोत्यांचे अंगरखे, काळे मास्क, धूळ. सगळे सारखेच. एकदा पुटपुटले, "मीच झाकून टाकलं न सगळ्यांना."

मध्यंतराच्या जरा आधी धान्याच्या ट्रकची लूट आली. माणसं धावली, पोती फुटली. सूर्याजी खुर्चीवरून अर्धे उठले. पण त्या गर्दीत बहुतेक तरणी पोरं होती, जमिनीवर पडलं ते तांदूळ होते की काय ते कळत नव्हतं, आणि कुणीही वाकलं नाही. वीस सेकंदांत सीन संपला. दिवे लागले.

"झालं," मी म्हटलं. "कापलं वहिनींचं. चार वेळा खराब केलेला शॉट कोण ठेवेल?"

"पुढे असेल न, भालचंद्रजी?"

आणि इथे मी ते बोललो. "सूर्याजी, हा सिनेमा ज्याच्यावरून उचललाय तो मी तीनदा पाहिलाय. मध्यंतरानंतर त्यात गर्दीच नाही. नुसतं वाळवंट, ट्रक आणि हाणामारी. उगाच डोळे कशाला फोडता?"

ते बसून राहिले. मी उभाच. माझं डोकं दुखत होतं, त्या सिनेमाने माझा खरंच संताप झाला होता, आणि माझं म्हणणं कुणी लगेच मानलं नाही की मला राग येतो. "चला," मी म्हटलं. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. त्यावर गुटख्याची जाहिरात चालू होती. मग उठले.

मी त्यांना सराफा बाजारात घेऊन गेलो, कचोरी खायला. अर्धी खाऊन त्यांनी पुडा मिटला. "चला, मास्क तर दिसले," म्हणाले. रस्ताभर मी त्यांना तो मूळ इंग्रजी सिनेमा कसा उत्तम आहे ते सांगत होतो.

बुधवारी 'महाशून्य' शहरातून उतरला. त्यापुढच्या रविवारी अश्लेषा सोफ्यावर लोळून मोबाइल बघत हसत होती. "आजोबा, ये देखो, तुम्ही ती फिल्म पाहिली होती न? ये बंदा कितना फनी है यार!" इंदूरचा कुणी पोरगा होता, सिनेमांची टिंगल करणारा. 'महाशून्यच्या पंधरा महाचुका' अशी त्याने यादी केली होती. पावसाचं गाणं तीन नंबरला. सात नंबरला तो म्हणाला, "अब आइए, इंटरवल के बाद, पेश हैं अम्मा जी!"

धान्याचं मोठं कोठार फुटलं होतं. वाळवंट नव्हतं. मी म्हटलं ती गोष्ट तिथे नव्हतीच. दिग्दर्शकाने मध्यंतरानंतर तो सिनेमा सोडून दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमातून चोरी केली होती, जो मी पाहिलेला नव्हता. गर्दी धावत होती. त्या गर्दीतून एक बाई आली, डावीकडे झुकत, उजवीकडे सावरत. थांबली. वाकली. बोटं जमिनीला लावून कपाळाला नेली. मास्कच्या कडेला लाल दोरा. मग ती गर्दीत मिसळली. मागे हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, आणि पोरगा म्हणत होता, "दुनिया ख़तम, संस्कार चालू!"

चार सेकंद. कुणीतरी निष्काळजीपणे चुकीचा शॉट लावून टाकला होता. चांगल्या सिनेमात हे झालं नसतं. चांगल्या सिनेमात वहिनी कापल्या गेल्या असत्या.

मी अश्लेषाच्या हातातून मोबाइल घेतला आणि तो भाग पुन्हा पाहिला, आणि पुन्हा. मग मला काय करायला हवं होतं? रस्ता ओलांडायला हवा होता. बारा पावलं. समोर सूर्याजी ओट्यावर बसून पेपर वाचत होते, मला खिडकीतून दिसत होते. पण त्यांना हे दाखवायचं म्हणजे हेही सांगायचं की ती त्या दिवशी पडद्यावर आली, खोलीएवढी मोठी, आणि मी तुम्हाला कचोरी खायला घेऊन गेलो होतो. माझी हिंमत झाली नाही.

हिंमत झाली नाही की माणसाला राग येतो. मी त्या पोरावर काढला. अश्लेषाच्या मोबाइलवरून त्या व्हिडिओखाली, तिला न विचारता, चांगली लांबलचक कमेंट लिहिली. की बेटा, ज्या स्त्रीवर तू हसतो आहेस ती आज या जगात नाही, तिचे पती हयात आहेत, तुझ्या घरी आई असेल तर तिला हे दाखव. लिहून मला बरं वाटलं. आपण काहीतरी केलं असं वाटलं.

मग मी सिनेमा शोधू लागलो. झाशीला फोन केले, मुरैन्याला केले. कुठेही उरला नव्हता. कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर नाही. अश्लेषा म्हणाली की दोन महिन्यांत मोबाइलवर येईल, टीव्हीवर लावता येईल. मला केवढा दिलासा मिळाला! म्हणजे मला काहीही कबूल न करता त्यांना वहिनी दाखवता येतील. मी सूर्याजींना म्हटलं, "तो सिनेमा घरी येणार आहे. पुन्हा बघू, पूर्ण."

ते म्हणाले, "तुम्ही तर म्हणाले होते, कापला."

"बघू तर."

ते दोन महिने ते फार आनंदात होते, हे मला लिहायलाच हवं. बटणांचा फोन सोडून त्यांनी नवा घेतला. हेमांगीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "भालचंद्रजी म्हणून राहिले की आहे ती त्यात."

तो दिवस आला. रविवारी दुपारी आमच्या बैठकीत अश्लेषाने टीव्हीवर सिनेमा लावला. सूर्याजी पुन्हा तोच पांढरा शर्ट घालून आलेले. मी या वेळी एक अक्षर बोललो नाही. मध्यंतराची जागा गेली. कोठार आलं. गर्दी धावली. पडद्यावर एक झटका बसला, आणि हिरो मोटारसायकलवर होता.

अश्लेषाने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा झटका. लोक ज्या ज्या जागी हसले त्या त्या जागा कंपनीने काढून टाकल्या होत्या. पावसाचं गाणंही नव्हतं. सिनेमा आधीपेक्षा जरा बरा झाला होता.

"नाही आहे न," सूर्याजी शांतपणे म्हणाले. "जाऊ द्या."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा. अश्लेषा, तो व्हिडिओ काढ. पंधरा चुकांचा." तिने शोधला. सहा नंबर झाला आणि आठ नंबर सुरू झाला. तिने परत पाहिलं, मग खाली लिहिलेलं वाचलं आणि माझ्याकडे वळली. "आजोबा, यहाँ लिखा है, एका बुज़ुर्ग अंकलच्या सांगण्यावरून मी तो पार्ट डिलीट केला, मैं दिल से माफ़ी माँगता हूँ. हे बुज़ुर्ग अंकल... तुम्ही?"

तिने लगेच त्या पोराला लिहिलं. पोरगा भला निघाला, तासाभरात उत्तर दिलं. ते तुकडे त्याने थिएटरमध्ये बसून मोबाइलवर चोरून टिपले होते, कंपनीची नोटीस आली तशी घाबरून त्याने आपल्या फोनमधले सगळेच पुसून टाकले. पुन्हा माफी मागितली होती.

मी सूर्याजींना सगळं सांगितलं. मध्यंतर, कचोरी, सात नंबर, माझी कमेंट, माझी भीती. अश्लेषा उठून आत गेली. ते ऐकून घेत होते, हात मांड्यांवर ठेवून. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं. शेवटी म्हणाले, "मी बसणार होतो, भालचंद्रजी."

एवढंच. मग चपला घालून गेले.

पाच दिवस त्यांचं दार उघडं दिसलं नाही. दुकानही बंद. मी दोनदा रस्ता ओलांडून अर्ध्यातून परत आलो. मला माझ्या सगळ्या सिनेमांची शिसारी आली होती, आणि त्याहून जास्त माझ्या सगळं ठाऊक असण्याची.

सहाव्या दिवशी सकाळी ते आले. अंगात घरचाच बनियन, उजवी मूठ मिटलेली. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही पाहिलं न तिला?"

"हो."

"किती वेळा?"

"आठ-दहा वेळा."

त्यांनी मूठ उघडली. गहू होता. तो त्यांनी बैठकीच्या मधोमध फरशीवर टाकला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

"दाखवा," म्हणाले.

मी एकाहत्तर वर्षांचा माणूस. धोतर सावरत दाराशी गेलो आणि तिथून चालत आलो. गव्हावर पाय पडला. थांबलो, वाकलो, बोटं लावून कपाळाला नेली.

"एवढं सरळ नाही," सूर्याजी म्हणाले. "डावीकडे झोक होता न? की उजवीकडे?"

"डावीकडे. मग सावरत होत्या."

"हां. डावीकडे." त्यांनी डोळे मिटून एकदा मान हलवली. "परत."

मी परत दाराशी गेलो. डावीकडे झुकत आलो. वाकलो.

"आधी पदर. ती आधी पदर सावरायची."

"पोत्याचा अंगरखा होता, सूर्याजी. पदर नव्हता."

"तरी हात गेला असेल खांद्याकडे."

मी आठवून पाहिलं. गेला होता. खरंच गेला होता, वाकायच्या आधी, नुसताच, नसलेल्या पदराकडे. दहा वेळा पाहून मला तो दिसला नव्हता, आणि त्यांनी एकदाही न पाहता सांगितला. मला तिथेच रडू आलं. त्यांनी ते आवरेपर्यंत वाट पाहिली.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. मूठभर गहू आणतात. झाल्यावर आम्ही दोघे मिळून तो वेचतो, आणि ते परत घेऊन जातात.

मागच्या रविवारी मी दाराशी उभा राहिलो, त्यांच्याकडे पाहिलं आणि चालायला लागलो. डावीकडे झुकून, उजवीकडे सावरत. पाय पडला. हात खांद्याकडे गेला. मी वाकू लागलो तसे सूर्याजी खुर्चीवरून पुढे झाले आणि हात पुढे केला.

"सांभाळून," ते हलकेच म्हणाले. "गुडघा."

माझे दोन्ही गुडघे अजून चांगले आहेत. मी गव्हाला बोटं लावली, कपाळाला नेली, आणि परत दाराशी जाऊन उभा राहिलो.